त्याच मापाची हाळी

सांगलीतल्या त्या कॉलेजात पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा कुणाची, असं विचारलं तर मुलं प्राध्यापकांचं नाव घ्यायची नाहीत. कोंडीबाची म्हणायची. कोंडीबा शिपाई. शिक्षण सहीपुरतं, आणि ती सहीसुद्धा कॉलेजात लागल्यावर शिकलेली. पण काचेचा लोलक पुसायचं मऊ फडकं दुसऱ्या कुणी उचललेलं त्याला खपत नसे. एकदा एका नव्या शिक्षकानं खिशातल्या रुमालानं लोलक पुसला. कोंडीबा म्हणाला, "सायेब, त्यानं नाक पुसा. ह्याला ह्ये फडकं हाय." शिक्षक दिवसभर फुगून बसले, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी फडकंच मागितलं.

प्रयोगशाळेच्या मागं काळे पडदे लावलेली एक खोली होती. तिथल्या टेबलावर वर्णपटमापक मांडलेला असे. एका बाजूला हायड्रोजन वायू भरलेली बारीक काचेची नळी, मध्ये लोलक, आणि दुसऱ्या बाजूला डोळा लावायची छोटी दुर्बीण. वीज दिली की नळी गुलाबी पेटायची, आणि दुर्बिणीतून त्या गुलाबी उजेडाच्या सुट्या सुट्या रेघा दिसायच्या. एक तांबडी. बरंच अंतर सोडून एक मोरपंखी. मग थोड्या अंतरावर जांभळी, आणि डोळा चांगला असला तर तिच्याजवळ आणखी एक अंधूक जांभळी. मुलं रंग शोधत बसायची आणि भलत्याच रेघेवर बोट ठेवायची. कोंडीबा मागं उभा राहून म्हणायचा, "रंगाच्या नादी लागू नगा, रंग फसिवत्यात. दोन रेघांच्या मदलं अंतर बगा. त्ये कवा बदलत न्हाई."

असं तो दहा वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना सांगत होता. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र हे शहाणपण कुठं गेलं होतं कोण जाणे. त्याचीच ही हकिगत.

अंतर बघायची सवय त्याला पुस्तकांनी लावलेली नव्हती, मेंढरांनी लावली होती. कोंडीबा आटपाडीच्या पलीकडच्या माळावरचा, धनगराच्या घरचा. दिवाळी झाली की पंधरा-वीस घरं मेंढरं, घोडी, कोंबड्या, पोरंबाळं घेऊन पश्चिमेला चालू लागायची आणि पावसाच्या तोंडावर माघारी यायची. वाटेत एखाद्या पाणवठ्यावर दोन कळप एकमेकांत मिसळले की बघणाऱ्याला वाटावं, झालं, आता ही निवडणार कशी. पण त्यात अवघड काही नव्हतं. एक घरधनी पाण्याच्या ह्या अंगाला उभा राहायचा, दुसरा त्या अंगाला, आणि दोघं आपापली हाळी द्यायचे. मेंढरं ज्याची त्याच्याकडं चालत जायची.

प्रत्येक घराची हाळी वेगळी. शब्द कुणाच्याच हाळीत नसायचे, नुसता 'हीर्र' असा आवाज. फरक असायचा तो मधल्या थांब्यांचा. कोंडीबाचा बाप लेकरांना चालता चालता शिकवायचा: एक लांब हीर्र, दोन पावलं गप, दोन तोकड्या लागोपाठ, तीन पावलं गप, आणि पुन्हा एक लांब. हाळी बापानं दिली, आईनं दिली की पोरानं दिली, मेंढरांना फरक पडायचा नाही. आवाज कुणाचाही असो, थांबे घरचे असायचे.

त्या घरात दोन पोरं. थोरला कोंडीबा आणि सहा वर्षांनी धाकटा अर्जुना. अर्जुनाचा आवाज फार उंच लागायचा. त्याची हाळी एका टेकडीवरनं दुसऱ्या टेकडीवर जायची, आणि आई सुलाबाई कामातला हात थांबवून ऐकत राहायची.

चव्वेचाळीस साली, मोठी लढाई चालू असताना, त्यांचा तळ साताऱ्याकडच्या खंडाळ्याजवळ, पुण्याच्या रस्त्याकडेला पडला होता. रस्त्यानं लष्करी लॉऱ्या सारख्या धावायच्या. दुपारच्या वेळी कोकरांवर राखण म्हणून बसवलेल्या अर्जुनाला डुलकी लागली आणि लांडग्यानं एक कोकरू नेलं. कोंडीबा तेव्हा सतरा वर्षांचा, अंगात मस्ती आणि डोक्यात राग. त्यानं अर्जुनाच्या कानशिलात दिली आणि म्हणाला, "कोकरू घिऊनच ये. न्हाईतर तोंड दावू नगंस."

अर्जुना गेला तो गेलाच. सांजेला आला नाही, दुसऱ्या दिवशी आला नाही. आठ दिवस सगळ्या तळानं रान पालथं घातलं. कुणी म्हणालं, पोरगं लॉरीत बसताना बघितलं. कुणी म्हणालं, लांडग्यानं नेलं असेल. नवव्या दिवशी मेंढरांना चारा उरला नाही म्हणून तळ हलवावा लागला. पुढं पाच महिने सुलाबाई प्रत्येक मुक्कामावर चारी दिशांना तोंड करून हाळी देत होती.

कोंडीबानं जे केलं ते त्यानं आईला त्याच दिवशी सांगून टाकलं होतं. ती त्याला त्यावरून कधी एक शब्द बोलली नाही. न बोलण्यानंच तो पोळत राहिला.

पुढं बाप वारला, रोगात मेंढरं बसली, आणि कोंडीबा पोटामागं सांगलीला आला. बायको भामाबाई आणि आई गावाकडंच राहिल्या. सुलाबाईनं अर्जुनाचं दिवसकार्य काही करू दिलं नाही. आधी म्हणायची, येईल. मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरले, दिसेनासं झालं, तसं तिचं बोलणंही बदललं. कोंडीबा सुट्टीला घरी गेला की ती एकच विचारायची, "जित्ता असंल तर आला का न्हाई रं त्यो? एवडा राग धरला व्हय माज्यावर?" पोर मेलं असेल याचं दुःख तिनं कधीच पचवलं होतं. ते जिवंत असून आपल्याकडं आलं नाही, हे तिला पचत नव्हतं. तिच्या डोळ्यांदेखत नाही तर निदान कानांदेखत या प्रश्नाचं उत्तर मिळावं, एवढीच एक गोष्ट कोंडीबाला आयुष्यात करायची होती.

साठ साली एक गोसावी दारात आला होता आणि मीच अर्जुना म्हणाला. कोकराची गोष्ट त्याला बिनचूक माहीत होती. माहीत असायला काय झालं, सुलाबाईनं ती चार तालुक्यांत सांगितलेली. पंधरा दिवस तिनं त्याला बसवून जेवू घातलं, आणि सोळाव्या दिवशी तो तिच्या हातातले चांदीचे गोठ घेऊन पसार झाला. गोठांचं तिला काही वाटलं नाही. पण ती महिनाभर अंथरुणाला खिळली. तेव्हा कोंडीबानं मनाशी ठरवलं, की पुन्हा कुणी अर्जुना म्हणून आला तर आधी आपल्या चाळणीतून जाईल, आणि मगच आईपर्यंत पोचेल.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर तो आला. भर दुपारी, कॉलेजच्या फाटकात. केसांत दगडाची पांढरी धूळ, छातीचा पिंजरा झालेला, कोंडीबापेक्षा दहा वर्षांनी म्हातारा दिसणारा माणूस. दोन शब्द बोलायचा आणि खोकायचा.

"दादा," तो म्हणाला, "मी अर्जुना."

कोंडीबानं त्याला सायकली लावायच्या छपराखाली नेलं. पाणी दिलं, पण बस म्हणाला नाही. माणूस सांगत होता, की लॉरीवाल्यानं पुण्याला नेलं, हॉटेलात कपबश्या विसळल्या, मग छावणीत हरकाम्या, आणि आता खंडाळ्याला खडीच्या खाणीवर. जाणाऱ्या-येणाऱ्या धनगरांकडून भावाचा पत्ता लागला. कोंडीबानं कोकराचं काही विचारलंच नाही. ते गोसाव्यालाही ठाऊक होतं. त्यानं विचारलं, "आपल्या तळावर कुत्रं हुतं. रंग कंचा?"

"तांबडं हुतं."

कोंडीबाच्या डोळ्यांपुढं काळं कुत्रं उभं राहिलं. त्यानं स्वतःच्या हातानं पुरलेलं. त्याची मान नकारात हलली.

"गड्या, तू कुनाचा तरी भाऊ असशील," तो म्हणाला. "माजा न्हाईस. माजी आई आंदळी हाय. एकानं तिला फसिवली. पुन्यांदा मी हूं द्याचा न्हाई."

माणूस वाद घालायला थांबला नाही. फाटकापर्यंत गेला, तिथं वळला, तोंडाशी हात धरला आणि त्यानं हाळी दिली. आवाज घोगरा, खोल, मध्येच फाटणारा. मध्ये श्वास गोळा करायला बराच थांबत होता. फाटकात उभी असलेली दोन-चार पोरं हसली. कोंडीबाच्या कानात तीस वर्षं अर्जुनाची ती उंच हाळी होती, टेकडीवरनं टेकडीवर जाणारी. त्याला वाटलं, आमची हाळी ही न्हवं. तो पाठ फिरवून आत गेला आणि लोलक पुसत बसला.

ही गोष्ट त्यानं आईला सांगितली नाही आणि भामाबाईलाही नाही.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात निकम सरांनी मुलांसाठी एक व्याख्यान ठेवलं. मानसिंगराव निकम म्हणजे कॉलेजातले सगळ्यांत तरुण प्राध्यापक, पुण्याहून शिकून आलेले. विषय होता क्वेसार, म्हणजे आकाशातल्या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या, पण फार लांबच्या आणि फार तेजस्वी वस्तू. त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकातला एक काळापांढरा फोटो मोठा करून आणला होता आणि कोंडीबाला तो फळ्याशेजारी टाचायला दिला. फोटोत अंधूक पट्ट्यावर चार-पाच रेघा होत्या. कोंडीबानं वरच्या दोन टाचण्या मारल्या आणि तिसरी हातात धरून तसाच उभा राहिला.

"सर, ही आपलीच नळी हाय न्हवं?"

"कुठली नळी?"

"हायड्रोजनची. ह्ये बगा, ह्या दोन रेघांमदलं अंतर, आनि मग ह्ये तोकडं. फकस्त सगळं बिऱ्हाड तांबड्या अंगाला सरकलंय."

निकम सर खुर्चीवरून उठले. कोंडीबाच्या खांद्यावर हात ठेवून ते फोटोकडं बघत राहिले. "कोंडीबा," ते म्हणाले, "हे ओळखायला जगातल्या मोठमोठ्या माणसांना दोन-तीन वर्षं लागली. प्रत्येक रेघ ते तिच्या नेहमीच्या जागी शोधत होते. तिथं ती नव्हती. म्हणून त्यांना वाटलं, हे काहीतरी परकंच आहे. त्रेसष्ट साली एकाच्या ध्यानात आलं, की रेघा ओळखीच्याच आहेत. सगळ्या एकाच पटीत ताणल्या गेल्यात, एवढंच."

"कशानं ताणल्या?"

"लांब जाण्यानं. विश्व पसरतंय. ही वस्तू आपल्यापासून दूर चाललीय, आणि तिचा उजेड वाटेत ताणला जातो. तांबड्याकडं सरकतो. जितकं दूर, तितकं जास्त सरकलेलं."

कोंडीबानं तिसरी टाचणी मारली. त्याला ह्यात काही चमत्कार वाटला नव्हता. "आनि ही वस्तू कुटं हाय?"

"आता आहे की नाही, कुणास ठाऊक. हा उजेड तिथून निघाला त्याला दोनशे कोटी वर्षं झाली. आपण तिला आता बघतोय, पण बघतोय ती तेव्हाची." मुलं यायच्या आधीच सरांचं व्याख्यान सुरू झालं होतं, आणि ऐकणारा जिवाचा कान करून ऐकत होता. "आणि खरी गोष्ट पुढंच आहे. काही मोठे लोक म्हणत होते, विश्व हे कायम असंच आहे, त्याला आरंभ नाही. मग ह्या क्वेसारांची मोजदाद झाली. लांब बघावं तेवढे ते दाट होत जातात. आपल्या आसपास एकही नाही. आणि लांब म्हणजे काय? जुनं. म्हणजे पूर्वी ते पुष्कळ होते आणि आता सरले."

"लांबचा मुलूखच तसा असंल की, सर. घाटाखाली भात पिकतो, आमच्याकडं पिकत न्हाई."

सर हसले, पण चेष्टेनं नाही. "बरोबर शंका आहे. पण मग आपणच नेमके मध्यावर बसलोय आणि सगळीकडं सारख्याच अंतरावर वेगळा मुलूख आहे, असं मानावं लागेल. ते पटत नाही. मुलूख सगळीकडं एकसारखाच आहे, काळ बदलला. आणि जे बदलतं, पसरतं, ते उलटं मागं नेलं तर कुठं पोचतं?"

कोंडीबानं चौथी टाचणी मारली. मग म्हणाला, "एका ठायी. पसरलेली मेंढरं सांजंला एका जाळीच्या वाड्यात येत्यात तसं."

"तसंच. वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण ह्या रेघांनी आरंभाच्या बाजूनं साक्ष दिलीय. सगळं एकेकाळी एका ठिकाणी होतं."

मुलं आली, बाकं भरली. निकम सर बोलू लागले. कोंडीबा नेहमीसारखा दाराशी स्टुलावर बसला होता, पण त्याच्या कानात काही जात नव्हतं. परकं नव्हतं, ताणलेलं होतं. एकाच पटीत. त्याचा उजवा हात आपोआप मांडीवर ठोके देऊ लागला. एक लांब. मग गप. दोन तोकड्या. मग आणखी मोठी गप. फाटकातल्या त्या माणसाची हाळी तो वर्षभरानं पहिल्यांदा आठवत होता. आवाज खाली गेलेला, कारण पोराचा बाप्या झाला होता आणि दगडाच्या धुळीनं गळा बसला होता. थांबे लांबलेले, कारण छातीत श्वास नव्हता. पण जिथं दोन पावलं हवीत तिथं चार, आणि जिथं तीन हवीत तिथं सहा. चुकूनसुद्धा पाच नाहीत. त्यानं पुन्हा ठोके दिले. पुन्हा तसंच आलं. तिसऱ्या वेळीही तेच.

व्याख्यान संपल्यावर त्यानं चार दिवसांची रजा मागितली.

"आई बरी आहे ना?" सरांनी विचारलं.

"बरी हाय, सर. तिच्याचसाटी पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सांगलीहून साताऱ्याची एसटी धरली आणि साताऱ्याहून खंडाळ्याची. वाटभर तो काय बोलायचं ते ठरवत होता. पायावर डोकं ठेवावं का? थोरल्यानं धाकट्याच्या पाया पडायची रीत नाही, पण रीत गेली चुलीत, पडेन, असं त्यानं ठरवलं. दोनदा चुकलो म्हणेन. एकदा पोरपणी, एकदा पिकल्या केसांनी.

दुपारी तो खाणीजवळ उतरला. खडीचे ढीग, पत्र्याच्या आणि कुडाच्या खोपी, सगळ्यांवर तीच पांढरी धूळ. कुणाला विचारावं म्हणून तो इकडंतिकडं बघत होता, तेवढ्यात ढिगाऱ्यामागून हाळी आली.

उंच, बारीक, जिथं जायची तिथं थेट जाणारी. एक लांब. दोन पावलं गप. दोन तोकड्या. तीन पावलं गप. आणि पुन्हा लांब. कोंडीबा होता तिथंच दगडावर बसला. क्षणभर त्याला खरोखर वाटलं, की मधली एकतीस वर्षं झालीच नाहीत, आणि त्या ढिगाऱ्यामागून अकरा वर्षांचा अर्जुना येईल.

ढिगाऱ्यामागून दहा-बारा वर्षांची एक पोरगी आली. मागं दोन शेळ्या आणि एक मेंढी.

"ही हाळी कुनी शिकिवली गं?"

"बानं."

"बा कुटं हाय?"

पोरगी त्याच्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "आयला इचारा."

खोपीच्या दारात तिची आई साळूबाई उभी होती. कपाळ मोकळं. ते बघितल्यावर कोंडीबाला काही विचारायची गरज उरली नाही, तरी त्यानं विचारलं. ज्येष्ठात गेले, ती म्हणाली. छातीत धूळ बसली होती, डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं. बोलताना ती त्याचा चेहरा निरखत होती.

"तुमी ह्यांचं सांगलीचं दादा न्हवं?"

"तुला कसं कळलं?"

"ह्यांच्यावानीच बसताय. एक गुडगा वर घिऊन." तिनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. "सांगलीस्नं आलं तवा लय खुशीत हुतं. म्हनालं, दादा भेटला. मोट्या कालेजात हाय, मान हाय त्याला. आई जित्ती हाय, म्हनालं. मी म्हनलं, मग राहिला का न्हाई? तर म्हनालं, दादाला सवड न्हवती. सवड झाली की त्योच येनार हाय आपल्यास्नी न्ह्यायला."

कोंडीबानं तांब्याला हात लावला नाही. भावानं जाता जाता त्याची लाज राखली होती.

"ती मेंढी तुमची हाय," साळूबाई म्हणाली. "शेळ्या आमच्या. मेंढी तेवडी दादाची, म्हनायचं. लई वर्सं झाली, एक म्हातारी झाली की तिचंच एक कोकरू मागं ठिवायचं. इकायला काडू द्यायचं न्हाईत. का त्ये मला कवा सांगितलं न्हाई."

का ते कोंडीबाला माहीत होतं. तो उठला, मेंढीपाशी गेला आणि तिच्या पाठीत तोंड खुपसून रडला. मनू, ती पोरगी, शेळ्यांच्या दोऱ्या धरून लांब उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मायलेकी आणि मेंढीला घेऊन तो गावी पोचला. मेंढी एसटीच्या टपावर बांधून आणली होती, कंडक्टरशी बरीच हुज्जत घालून. सुलाबाई अंगणात भिंतीला टेकून बसली होती. भामाबाई आतून आली आणि पाहुण्यांकडं बघून दारातच थबकली. कोंडीबानं तिला खुणेनं गप राहायला सांगितलं. वाटेत त्यानं मनूला काय करायचं ते सांगून ठेवलं होतं. ती अंगणाच्या कडेला गेली, तोंडाशी हात धरला आणि तिनं हाळी दिली.

सुलाबाईची मान वर झाली. मनूनं दुसऱ्यांदा दिली. म्हातारीचा हात भुईवर ठोके देत होता. शेवटची लांब हाळी संपली तेव्हा हातही थांबला.

"लेकीचा आवाज हाय," ती म्हणाली. "पर हाळी अर्जुनाची. लेक कुनाची ही?"

"त्याचीच," कोंडीबा म्हणाला.

"आनि त्यो?"

कोंडीबा आईपुढं खाली बसला. इतकी वर्षं ज्या प्रश्नाचं उत्तर त्याला हवं होतं, ते आता त्याच्या हातात होतं आणि द्यायची छाती होत नव्हती. तरी त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं, एक अक्षर गाळलं नाही. ज्येष्ठात गेला. त्याआधी दिवाळीनंतर सांगलीला आला होता. मी ओळखला नाही. हाकलला.

"काय इचारलंस त्याला?"

"कुत्र्याचा रंग. त्यो तांबडा म्हनला."

"तांबडंच हुतं की," म्हातारी म्हणाली. "काळं मागनं आनलं, त्यो गेल्यावर."

कोंडीबानं मान खाली घातली. साळूबाई पदर तोंडाला लावून उभी होती. अंगणात मेंढी तेवढी मातीत काहीतरी हुंगत फिरत होती. सुलाबाईनं चाचपडत कोंडीबाचा हात शोधला.

"म्हंजी आल्ता," ती म्हणाली.

"आल्ता, आई."

"माज्याकडं याला निगाल्ता?"

"तुज्याकडंच."

"तवा आला की माजा अर्जुना," म्हातारी म्हणाली. "आनि मी एकतीस वर्सं म्हनत बसले, आला न्हाई म्हनून."

तिच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं. कोंडीबाचा हात तिनं सोडला नाही. दुसरा हात पुढं करून तिनं नातीला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "पोरी, पुन्यांदा दे बरं. सावकाश दे."